इंग्रजी फलकावर मातामायला काय म्हणायचं?

मनसरचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. आमच्या गावचं मातामायचं देऊळ नागपूर-रामटेक रस्त्याला लागून आहे. पेंचला जाणाऱ्या गाड्या हल्ली तिथे थांबतात, त्यात परदेशी पाहुणेही असतात. पंचकमिटीनं ठरवलं की मराठी फलकाशेजारी इंग्रजी फलक लावायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून मजकुराचं काम माझ्याकडे आलं.

पहिला खर्डा केला. त्यात ‘आयडॉल’, ‘प्रीस्ट’, ‘फायर सॅक्रिफाइस’, ‘पझेशन’ असे शब्द आले. व्याकरणाची एक चूक नव्हती, पण वाचल्यावर हे आमचं देऊळ वाटेना. आत घडवलेली मूर्ती नाहीच. शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड आहे, त्याला चांदीचे डोळे बसवलेत, वर हिरवी चोळी आणि बांगड्यांचा चुडा. पूजा गुरव करतात, पण लग्न-मुंजीला त्यांना कोणी बोलावत नाही, पापाची कबुली द्यायला तर नाहीच नाही. नवमीला होम असतो, त्यात कोहळा कापतात. मागच्या नवरात्रात एका पाहुण्याला मी ‘सॅक्रिफाइस’ म्हणून बसलो, तर तो पहिलं काय विचारतो, जनावर कुठे आहे? आणि अष्टमीला गावातल्या दोघीतिघींच्या अंगात येतं. त्याला ‘पझेस्ड’ लिहिलं तर भुताटकीच झाली.

माझं म्हणणं असं की हे शब्द चर्चच्या जगात घडले आणि तिथला सगळा अर्थ घेऊन आपल्या देवळात शिरतात. आपलं कर्म तेच राहतं, त्याचा अर्थ मात्र दुसरा होतो. तुम्हाला काय वाटतं? आणि प्रत्यक्षात काय लिहू?

पोहेतर्री
मातामाय म्हणजे मातामाय. काहून अडून राहिले सर? इंग्रजी अक्षरांत ‘मातामाय’ लिहा, खाली नवरात्राच्या तारखा टाका. झालं.

ओहायोतली_वऱ्हाडी
पोहेतर्री, इतकं सोपं नाही हो. पाहुण्याच्या हातात काहीतरी लागायला पाहिजे, नाहीतर तो फोटो काढून निघून जातो.

माझा अनुभव सांगते. सासूबाई इथल्या रुग्णालयात शेवटच्या दिवसांत होत्या. तिथले चॅप्लेन, म्हणजे रुग्णांच्या धार्मिक गरजा बघणारे, अतिशय भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, ‘लास्ट राइट्स’ची काही सोय करू का? त्यांच्या डोक्यात मरणाआधी पाद्री येऊन तेल लावतो, प्रार्थना म्हणतो, ते होतं. आपले अंत्यसंस्कार तर जीव गेल्यावर. ‘हो’ म्हटलं असतं तर पाद्री आले असते, ‘नाही’ म्हटलं असतं तर त्यांनी कागदावर ‘धार्मिक गरज नाही’ लिहिलं असतं. मी म्हटलं, तोंडात गंगाजल घालायचंय, तुळशीचं पान ठेवायचंय आणि उशाशी विष्णुसहस्रनाम म्हणायचंय. त्यांनी लगेच नर्सला सांगून ऑक्सिजनची नळी किती वेळ बाजूला करता येईल ते विचारून घेतलं. एका शब्दाचंही भाषांतर न करता काम झालं.

तेव्हा सर, नाव काय द्यायचं यापेक्षा तिथे काय करतात ते लिहा.

संस्कृतवाली
ताईंशी सहमत. पण मूळ लेखात एक गोष्ट जरा घाईनं म्हटली गेली आहे. ‘सॅक्रिफाइस’ हा शब्द साहेबांनी यज्ञावर उगाच लादला असं नाही. वेदकाळात पशुयाग होते, श्रौतसूत्रांत त्यांचे तपशीलवार विधी आहेत. त्या ग्रंथांचं भाषांतर करणाऱ्यांना तो शब्द जवळचा वाटला यात नवल नाही. घोळ पुढे झाला. घरच्या गणेशयागापासून तुमच्या नवमीच्या होमापर्यंत सगळ्यांना तोच शब्द चिकटला. त्यातही ‘बळी’ म्हणजे जनावरच असं आपल्याकडे नाही. वैश्वदेवातलं बलिहरण शिजलेल्या भाताचं असतं. कोहळा कापतात तो त्याच वाटेवरचा.

दुसरं, ‘सिन’ आणि पाप. आपल्याकडे पापाची भावना नाही, ती ख्रिस्ती लोकांची, असं बरेच जण छाती पुढे काढून सांगतात. मग प्रदक्षिणा घालताना आपण काय म्हणतो? पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः. यापेक्षा कडक कबुली कोणती? फरक पुढच्या हिशेबात आहे. तिकडे आदिपाप माणसासोबत जन्माला येतं आणि त्यातून सोडवणारा एकच. इकडे पाप भोगून संपतं आणि पुण्यही भोगून संपतं. गीतेत नवव्या अध्यायात स्वर्गाबद्दल स्पष्ट म्हटलंय, क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति. जिथून परत यावं लागतं त्या स्वर्गाला ‘हेवन’ कसं म्हणणार?

महालकर
पापावरून आठवलं. रामटेकला वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. लहानपणी आम्हाला सांगायचे, तिच्या खालून सरपटत जायचं, जो पापी तो अडकतो. आमचा जाडजूड मामेभाऊ अडकला आणि रडायला लागला. मावशी म्हणाली, रडतो कशाला, आज संकष्टी आहे, उपास कर म्हणजे पुढच्या वेळी निघशील. यात ‘सिन’ बसवून दाखवा कोणी.

काळा_कोट
वकिली नागपूर खंडपीठात, म्हणून थोडं कायद्याच्या बाजूनं.

‘आयडॉल’ या शब्दावर एवढे रागावू नका. १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे गेला. घरातला देव एका वारसानं दुसऱ्या जागी न्यावा की नाही, हा वाद. लंडनला बसलेल्या न्यायाधीशांनी ठरवलं की देव ही उचलून नेण्याची जंगम वस्तू नाही, ती कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती आहे, आणि तिनं कुठे राहावं याबाबत तिची स्वतःची इच्छा विचारात घेतली पाहिजे. त्यासाठी देवाच्या वतीनं बोलायला कुठल्याही बाजूचा हितसंबंध नसलेला माणूस नेमावा. निकालात शब्द ‘आयडॉल’च आहे. पण ज्या बायबलात आयडॉल फोडायला सांगितलंय, त्या भाषेत त्याच आयडॉलला इच्छा मिळाली. २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला विराजमान पक्षकार म्हणून जिंकले ते याच परंपरेत. त्याच निकालात जन्मभूमीच्या जागेला मात्र व्यक्ती मानायला न्यायालयानं नकार दिला.

मला त्रास होतो तो ‘रिलिजन’चा. घटनेनं ‘रिलिजन’चं स्वातंत्र्य दिलं, मग तो म्हणजे काय हे ठरवणं आलं. १९५४ च्या शिरूर मठ निकालात न्या. बी. के. मुखर्जी यांनी नीट म्हटलं की ईश्वरावर श्रद्धा अशी त्याची व्याख्या करता येत नाही, कारण बौद्ध आणि जैन ईश्वर मानत नाहीत. चांगलं झालं. पण तिथूनच ‘अत्यावश्यक धार्मिक प्रथा’ ही कसोटी वाढली. आता कोर्टात विचारतात, ही प्रथा तुमच्या धर्मात अत्यावश्यक आहे का, कुठल्या ग्रंथात लिहिलंय? ज्या धर्माला एक ग्रंथ आणि एक धर्मपीठ आहे त्याला याचं उत्तर देता येतं. मातामायचा कुठला ग्रंथ? तिचं सगळं आज्यांच्या तोंडी.

पोहेतर्री
वकीलसाहेब, मग ‘सेक्युलर’चं काय? शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आम्ही ‘धर्मनिरपेक्ष’ पाठ केलं. हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ वाचलं होतं. बरोबर कोणतं?

काळा_कोट
दोन्ही सरकारी आहेत. इंग्रजी शब्द १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आला. हिंदी पाठात पंथनिरपेक्ष, मराठीत धर्मनिरपेक्ष. माझं मत हिंदीच्या बाजूनं. सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ आहे. धर्माला निरपेक्ष राहून ते वाक्य कसं पाळायचं? तिथल्या धर्माचा पूजेशी संबंध नाही, न्यायाशी आहे. आपल्याकडे ‘चॅरिटी कमिशनर’ला धर्मादाय आयुक्त म्हणतात, आणि त्यांच्याकडे दवाखान्यांचे, वाचनालयांचे ट्रस्टही नोंदलेले असतात.

कळमन्याचा_भाऊ
आमच्याकडे मार्केटला ट्रक मोजतात तो धरमकाटा. काट्यावर हिंदू, मुसलमान, शीख सगळ्यांच्या गाड्या येतात. काटा खोटा निघाला तर लोक म्हणतात, धरमकाट्यावर अधर्म करून राहिला. तो धर्म ‘रिलिजन’ नाही हे हमालालाही कळतं.

निळी_पहाट
धागा चांगला चाललाय, म्हणून एक गोष्ट ठामपणे मांडते. ‘आपल्या कल्पना’ म्हणताना बौद्धांना त्यात परस्पर धरू नका.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली. त्यांनी या शब्दाचा जितका विचार केला तितका क्वचितच कोणी केला असेल. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर सगळीकडे ‘धर्मांतर’ हाच शब्द होता. पण दीक्षेपर्यंत आणि शेवटच्या ग्रंथापर्यंत त्यांनी ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ वेगळे करून दाखवले. रिलिजन माणसाचा खाजगी असतो, धम्म सामाजिक असतो, एकट्या माणसाला त्याची गरज नाही, दोन माणसं आली की धम्म लागतोच, असा त्यांचा विचार. इंग्रजीत लिहितानाही त्यांनी ‘धम्म’ तसाच ठेवला. इंग्रजीवर एवढी हुकमत असलेल्या माणसाला पर्याय सुचला नसेल असं कोणी म्हणू शकेल का?

आणि वकील भाऊ, धर्म म्हणजे न्याय, हे ऐकायला छान आहे. पण जातीचे नियमही धर्मशास्त्राच्याच नावानं चालले. ‘रिलिजन’ या परक्या शब्दामुळे का होईना, आम्हाला बाहेरून बघता आलं की हा माणसांनी केलेला व्यवहार आहे आणि तो सोडता येतो. सगळं काही ‘आमचा धर्म, त्याचं भाषांतर होत नाही’ म्हणून झाकायला मी तयार नाही.

आमच्या विहारातही परदेशी लोक येतात. त्यांना ‘प्रेअर टाइम’ सांगायचं आम्ही बंद केलं. आम्ही वंदना घेतो. त्यात कोणाकडे मागणं नसतं.

काळा_कोट
ताई, मुद्दा मान्य. माझ्या आधीच्या प्रतिसादात तो यायला हवा होता. ‘कास्ट’चंही तसंच. पोर्तुगीज शब्दानं जात आणि वर्ण एकाच पोत्यात घातले, त्यामुळे घोळ झाला हे खरं. पण तो घोळ निस्तरला म्हणून जात थोडीच जाते.

गुरुकुंज_भक्त
प्रार्थनेबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. एकत्र बसून ठरावीक वेळी प्रार्थना करायची हे चर्चकडून आलं असं शिकलेले लोक म्हणतात. मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या बाबतीत, तो १८६७ चा, असेलही काही अंशी. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या गावागावांत नेली. आमच्या गावात संध्याकाळी सगळ्या जातीचे लोक एका सतरंजीवर बसायचे ते फक्त तेव्हाच. तो शब्द कुठून आला याचा हिशेब कोणी केला नाही. उपयोगाचा शब्द आपला करून घ्यावा.

इतवारीकर
सगळे मोठमोठ्या शब्दांवर बोलताहेत, मारबतीला विसरले! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या, मग बघा इंग्रजी कसं थकतं. परप्रांतीय वार्ताहर दरवर्षी लिहितात, राक्षसिणीचा पुतळा. काळी मारबत, पिवळी मारबत, दोन्ही इतवारीच्या गल्ल्यांतून निघतात. निघायच्या आधी बाया पिवळीची पूजा करतात, लहान लेकरांना तिच्या पायाशी नेतात. आणि मिरवणुकीत घसा फाटेस्तोवर ओरडायचं, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! मग गावाबाहेर नेऊन जाळायची. देवी म्हणावं तर जाळता, राक्षसीण म्हणावं तर पाया पडता. ती आमची पीडा अंगावर घेऊन जाते म्हणून तिला हात जोडायचे, एवढं साधं आहे.

सदरकर
मी नागपूरचा मराठी ख्रिस्ती. तुमच्याकडे आमचे शब्द कसे आले यावर इतकं बोलणं झालं, म्हणून तुमचे शब्द आमच्याकडे कसे आले तेही सांगतो.

फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत लिहिलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, त्यात ‘हेवन’साठी वैकुंठ आहे. मराठी बायबलात येशू ज्यांना फटकारतो ते ‘शास्त्री आणि परूशी’. आमच्या शेजारी शास्त्री नावाचं कुटुंब राहायचं, फार प्रेमळ माणसं. रविवारी तो उतारा वाचला की मला लहानपणी वाईट वाटायचं, येशू यांच्यावर का रागावला असेल! ‘होली स्पिरिट’ला पवित्र आत्मा म्हणतात. आत्म्याला पवित्र म्हणायची गरज काय, असं माझा एक वारकरी मित्र विचारतो, आणि त्याच्या बाजूनं त्याचं बरोबर आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आयुष्य तर याच रस्त्यावर फिरलं. नागपूरला ते बुटींच्या आश्रयानं काम करत होते, आणि १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ ला बाप्तिस्मा झाला. पण नंतर त्यांनी लिहिलेल्या पदांत येशू गुरू आहे, आई आहे. आमच्या घरी ती पदं टाळ-पेटीवर म्हणतात. शब्द बदलले नाहीत, म्हणून त्यांच्यासारखा माणूस आपली भाषा घेऊनच आत येऊ शकला.

आता सरांच्या फलकाकडे. मराठीत आम्ही देव, तारण, शुभवर्तमान, धर्मगुरू, सगळं मराठी केलं. पण बाप्तिस्मा, आमेन, हालेलुया तसेच ठेवले. ज्याचा विधी आमचाच आहे त्याला पर्याय शोधत बसलो नाही. ‘स्नान’ म्हणता आलं असतं, काही मंडळी सुरुवातीला म्हणतही असतील, पण मग बाप्तिस्मा आणि अंघोळ यांत काय राहिलं? तुम्हीही तेच करा. जे सगळ्यांत असतं ते इंग्रजीत लिहा, जे फक्त तुमचं आहे ते तुमच्या नावानं ठेवा.

संस्कृतवाली
सदरकर, हा या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद.

आत्म्यावरून एक. वर्तमानपत्रात रोज छापतात, ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’. न जायते म्रियते वा कदाचित् हे पाठ असलेले लोक मृतात्मा लिहितात! तो इंग्रजी थडग्यावरचा मजकूर मराठी होऊन आला. आपली जुनी इच्छा सद्गतीची. जीव पुढे जावा, चांगल्या वाटेनं जावा. दहाव्याला कावळ्याची वाट बघतो ती त्यासाठी, तो कुठेतरी कायमचा निजावा म्हणून नाही. निदान आपल्या घरच्या निवेदनात तरी सद्गती लिहावं असं मला मनापासून वाटतं.

महालकर
‘सेंट’ राहिला. संत आणि सेंट ऐकायला भाऊभाऊ, पण घराणी वेगळी. एक सत् वरून, दुसरा लॅटिनमधून. तिकडे रोमहून चौकशी होते, चमत्कार तपासतात, मग पदवी. शेगावच्या गजानन महाराजांना किंवा ताजबागच्या बाबांना कोणी पदवी दिली? लोक गेले, लोकांनी ठरवलं.

विवेकी_विदर्भ
एक विरोधी सूर. ‘अंगात येणं’ फलकावर कोणत्याही शब्दात येऊ नये. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचं भासवून लोकांत भीती पसरवणं त्यात गुन्हा आहे. पर्यटकांसाठी त्याची जाहिरात करू नका.

ओहायोतली_वऱ्हाडी
भीती पसरवणाऱ्याबद्दल कायदा आहे, आणि तो हवाच. पण अष्टमीला ज्या बाईच्या अंगात येतं ती कोणाला भीती घालते? माझी काकू वर्षभर खाली मान घालून राबायची. त्या एका रात्री ती केस मोकळे सोडून घुमायची, सासरे तिच्या पायावर पाणी घालायचे आणि ती त्यांना ‘दारू सोड’ म्हणून दरडावायची. आमच्याकडे ‘देवी आली’ वेगळं आणि ‘बाहेरची बाधा झाली’ वेगळं. पहिलीला खण-नारळ, दुसरीला उतारा. ‘पझेशन’मध्ये दोन्ही एक होतात आणि काकू भूत लागलेली ठरते. याचं मला खरंच दुःख होतं.

तरी फलकावर नको, या मताशी मी सहमत आहे. ती गावातल्या बायांची गोष्ट आहे, फोटो काढणाऱ्यांची नाही.

मनसरचा_वाटसरू
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गुरवकाकांना आणि कमिटीला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. अंगात येण्याचा उल्लेख काढला. गुरवकाकू म्हणाल्या, बरं केलं.

नवा मजकूर इंग्रजीत साधारण असा आहे, इथे मराठीत देतो:

‘ही मातामाय. गावाचं आणि लेकराबाळांचं रक्षण करणारी आई. ती इथे तांदळ्याच्या रूपात आहे, म्हणजे न घडवलेला, शेंदूर लावलेला दगड. माहूरच्या रेणुकेचाही तांदळाच आहे. गुरव तिला रोज पहाटे स्नान घालतात, शेंदूर लावतात आणि नैवेद्य दाखवतात. बाया तिची ओटी भरतात, म्हणजे खण, नारळ, तांदूळ आणि हळकुंड तिच्या पदरात घालतात. नवमीला होम होतो. त्यात तूप, समिधा, तीळ अर्पण करतात, आणि कोहळा कापतात. जनावराचा सॅक्रिफाइस होत नाही. दर्शन घ्या. जोडे बाहेर काढा.’

मातामाय, तांदळा, गुरव, ओटी, होम, दर्शन हे शब्द तिरप्या ठशात तसेच ठेवलेत. ‘गॉडेस’ कुठेही नाही. कमिटीतल्या एकांचा आग्रह होता की एकदा तरी असावं, पण गुरवकाकाच म्हणाले, आई लिहिलं ना, बस.

निळी_पहाट
सर, छान. एक सूचना. पूजा गुरव करतात हे लिहिलंत, तर ओटी गावातल्या कुठल्याही जातीची बाई भरू शकते हेही लिहा. तसं असेल तर. पाहुण्यापेक्षा गावाला ते वाचायला मिळेल.

मनसरचा_वाटसरू
ताई, भरतात. सगळ्या भरतात. वाक्य घालतो, आणि मराठी फलकावरही घालायला सांगतो. तिथे ते नाही.

काळा_कोट
फलकावर काहीही लिहा सर, पण देवस्थान नोंदणीकृत असेल तर ट्रस्टच्या कागदांत इंग्रजीत ‘आयडॉल’ किंवा ‘डेइटी’ आहे ते उत्साहात बदलायला जाऊ नका. जमीन त्या नावावर असेल, आणि फेरफाराच्या वेळी नाव जुळलं नाही तर धर्मादाय कार्यालयात खेटे घालावे लागतील.

संस्कृतवाली
आणि ‘जनावराचा सॅक्रिफाइस होत नाही’ ही ओळ काढा. तूप, तीळ, समिधा, कोहळा सांगितलंत तेवढं पुरे. जे आपल्याकडे होत नाही त्याचा खुलासा आपल्याच देवळाच्या भिंतीवर कशाला?